गुहेतील श्वास आणि जात्यावरील श्वास

परभणी जिल्ह्याच्या नकाशावरील दोन ठिकाणांकडे आम्ही प्रथम आपले लक्ष वेधू इच्छितो. उत्तरेस जिंतूरजवळ नेमगिरीचा डोंगर आहे. तेथे जैनांची गुंफामंदिरे असून त्यांत पद्मासन घालून ध्यानस्थ बसलेल्या तीर्थंकरांच्या मूर्ती आहेत. दक्षिणेस गोदावरीच्या काठी गंगाखेड आहे. ते संत जनाबाईचे गाव होय. एकीकडे जगाचा पसारा बाजूला सारून निश्चल बसलेला तपस्वी, तर दुसरीकडे पहाटेच्या अंधारात जात्याचा खुंटा धरून दळण दळणारी दासी. श्वास आणि मन यांच्या नात्याचा महाराष्ट्रातील इतिहास पाहू गेल्यास तो या दोन चित्रांच्या दरम्यान घडला असे आम्हांस दिसते. एका माणसाने गुहेत बसून साधलेली विद्या घरात, शेतात आणि कामाच्या माणसापर्यंत कशी पोचली, हाच त्या इतिहासाचा गाभा आहे.

मनाला लागलेला घोर हा आजचा नव्हे. मन चिंती ते वैरी न चिंती, ही म्हण आपल्या आजीपणजीलाही ठाऊक होती. आज आपण त्या घोराला ‘ताण’ म्हणतो. १९३६ साली कॅनडातील माँट्रियल येथे हान्स सेल्ये या संशोधकाने उंदरांवरील प्रयोगांवरून दाखविले की, आघात थंडीचा असो, विषाचा असो वा अतिश्रमाचा असो, शरीर त्याला एका ठराविक रीतीनेच उत्तर देते, आणि आघात फार दिवस टिकला तर तेच उत्तर शरीराला पोखरू लागते. पुढे ‘स्ट्रेस’ हा शब्द जगभर रूढ झाला तो याच विचारातून. परंतु या घोरावर श्वासाची मात्रा चालते, हे ज्ञान त्याहून पुष्कळ जुने आहे.

पतंजलीच्या योगसूत्रांत चित्त प्रसन्न करण्याचे जे उपाय सांगितले आहेत, त्यांत श्वास सावकाश बाहेर सोडणे आणि थांबविणे हा एक आहे. बुद्धाच्या उपदेशात येणाऱ्या श्वासावर आणि जाणाऱ्या श्वासावर सावध लक्ष ठेवण्याचा अभ्यास आहे. त्याला आनापानसती म्हणतात. या दोन वाटांतला भेद ध्यानात घेण्यासारखा आहे. पहिली श्वासाला वळण लावते, दुसरी श्वास जसा आहे तसा पाहते. मात्र दोहोंचा हेतू एकच. मागच्या दुःखात आणि पुढच्या भीतीत भटकणाऱ्या मनाला आताच्या क्षणाशी बांधायचे, तर श्वासासारखा खुंटा नाही. श्वास कालचा घेता येत नाही आणि उद्याचाही घेता येत नाही.

मध्ययुगात या विद्येचा मोठा भाग नाथपंथी योग्यांच्या हाती होता. ती गुरूने शिष्याच्या कानात सांगावयाची विद्या होती, आणि तिच्याभोवती सिद्धीचमत्कारांचे मोठे वलय होते. या कोंडीला पहिला मोठा तडा गेला तो शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० साली, प्रवरेच्या काठी नेवासे येथे. ज्ञानेश्वर हे स्वतः नाथपरंपरेतले. निवृत्तिनाथांकडून त्यांना ती परंपरा मिळालेली. गीतेच्या सहाव्या अध्यायावर निरूपण करताना, मूळ श्लोकांत नसलेले कुंडलिनीचे आणि प्राणाच्या गतीचे सविस्तर वर्णन त्यांनी मराठीत, सर्वांना ऐकू येईल असे केले. आणि त्याच ज्ञानेश्वरांनी बाराव्या अध्यायात योगमार्ग किती खडतर आहे हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले. दार उघडले, आणि दारातून पुढे जाणाऱ्याला वाटेतील खाचखळगेही दाखविले. लोकशिक्षण म्हणतात ते याला.

चांगदेवाची कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. प्राण रोधून चौदाशे वर्षे जगलेला तो योगी वाघावर बसून आला, आणि शेवटी मुक्ताबाईसारख्या लहान मुलीपुढे नम्र झाला. इतिहास म्हणून या कथेकडे कोणी पाहणार नाही. तरीही ती ज्या समाजाने रचली आणि जपली, त्याचे मत तीतून कळते. श्वास किती वेळ कोंडता येतो, यापेक्षा त्या श्वासाने माणूस किती निवळला, याला त्या समाजाने अधिक मोल दिले.

नेवाशाजवळची प्रवरा गोदावरीला मिळते, आणि ती गोदावरी पुढे परभणी जिल्ह्यात येते. विचारही त्याच दिशेने वाहत आला असे म्हणण्यास हरकत नाही. नामदेवांचे जन्मगाव मानले जाणारे नरसी आणि ज्योतिर्लिंगाचे क्षेत्र औंढा नागनाथ ही दोन्ही ठिकाणे १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत परभणी जिल्ह्यातच होती. परंपरा सांगते की नामदेवांना गुरू भेटले ते विसोबा खेचर औंढ्याच्या देवळात. आणि याच मुलखातील गंगाखेडची जनाबाई पंढरपुरास नामदेवांच्या घरी दासी म्हणून राहिली. तिच्या नावावर सुमारे साडेतीनशे अभंग आहेत. त्यांतील काहींत योगमार्गाची परिभाषाही आढळते. म्हणजे गुहेतील विद्या या दासीच्या कानावर आली होती. मात्र तिने ती साधली कोठे? आसन नाही, एकांत नाही, रिकामा वेळ तर मुळीच नाही. दळण, कांडण, सडासारवण, पाणी भरणे, गोवऱ्या वेचणे, हीच तिची साधनेची जागा झाली. पंढरपूरजवळ गोपाळपूरला जनाबाईचे म्हणून आजही जाते दाखवितात, त्याचा अर्थ आम्ही असाच घेतो.

येथे थोडे थांबून जात्यावर श्वासाचे काय होते ते पाहू. खुंटा ओढताना अंग पुढे झुकते आणि मागे येते. हाताची फेरी एकसारखी चालते. ओवी म्हणावयाची तर श्वास लवकर आत घेऊन हळूहळू सोडावा लागतो, कारण सूर हा बाहेर पडणाऱ्या श्वासावरच चालतो. समोर दुसरी बाई बसली असेल तर एकीने म्हटलेली ओळ दुसरी उचलते, आणि तेवढ्यात पहिलीला दम घेता येतो. लक्ष तोंडात पडणाऱ्या घासावर असते. पीठ जाडेभरडे पडू लागले तर हाताला लगेच कळते. प्राणायाम हा शब्दही न ऐकलेली बाई अशा रीतीने रोज पहाटे तास दोन तास दीर्घ उच्छ्वासाचा अभ्यास करीत होती. आणि जे सासूला सांगता येत नाही, नवऱ्याला सांगता येत नाही, ते ती जात्याला सांगत होती. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून अशा एक लाखावर ओव्या गोळा केल्या. परभणी जिल्ह्यातील ताडकळसच्या ओव्याही त्या संग्रहात आहेत. माहेर, भाऊ, लेकीचे दुःख, विठोबा आणि जनी हे त्या ओव्यांचे नेहमीचे विषय.

आता शास्त्र काय म्हणते ते पाहू. १९२१ साली ऑटो लोवी या शास्त्रज्ञाने बेडकाच्या हृदयावर प्रयोग करून दाखविले की, मेंदूपासून छातीपोटात उतरणारी एक मज्जातंतू हृदयाची गती मंद करणारे द्रव्य सोडते. श्वास आत घेताना या मज्जातंतूचा अंमल ढिला पडून ठोके किंचित वाढतात. श्वास सोडताना तो पुन्हा बसतो आणि ठोके मंदावतात. उच्छ्वास लांबविला तर शांतीचा हा वाटा मोठा होतो. आपण बसल्या जागी मिनिटाला साधारण बारा ते वीस श्वास घेतो. २००१ साली इटलीत बर्नार्डी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेवीस निरोगी माणसांना ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना व तिबेटी बौद्धांचा मंत्र म्हणावयास लावले. दोन्ही वेळा श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आला, आणि हृदय व रक्तदाब यांचा मेळ अधिक चांगला बसला. देव निराळा, भाषा निराळी, श्वासाचा ठेका मात्र एक. आपल्या भजनात बुवांनी चरण म्हणावा आणि टाळकऱ्यांनी तो झेलावा, या रचनेतही प्रत्येकाला विसावा आणि प्रत्येकाला दीर्घ उच्छ्वास मिळतो, हे सहज लक्षात येईल.

या विद्येला गुहेबाहेर आणण्याचे दुसरे मोठे काम विसाव्या शतकात एका मराठी माणसाने केले. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांचा जन्म १८८३ साली गुजरातेतील डभोई येथे झाला. नर्मदाकाठच्या मालसर येथील परमहंस माधवदासजींपाशी ते योग शिकले. गुरूवर निष्ठा ठेवूनही त्यांनी एक प्रश्न विचारला: हे जे घडते असे म्हणतात, ते मोजून पाहता येईल काय? बडोद्याच्या इस्पितळात त्यांनी उड्डियान आणि नौली या क्रियांची क्ष-किरणांनी तपासणी केली, आणि १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. प्राणायामाने शरीराला पुष्कळ जास्त प्राणवायू मिळतो, अशी एक सर्वत्र पसरलेली समजूत होती. त्यांच्या मोजणीपुढे ती टिकली नाही. समजूत गेली आणि साधना राहिली. प्राणायामाचे बळ प्राणवायूच्या मापात नसून मज्जासंस्थेला लागणाऱ्या वळणात शोधावे लागेल, हे त्यातून उघड झाले. १९६६ साली ते निवर्तले.

त्यानंतरचा प्रवास आपल्या डोळ्यांसमोरचा आहे. ब्रह्मदेशात विपश्यना शिकलेले सत्यनारायण गोएंका १९६९ साली भारतात आले, आणि १९७६ पासून इगतपुरीची धम्मगिरी आनापानाच्या अभ्यासाचे मोठे केंद्र झाली. १९७९ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या वैद्यकीय विद्यापीठात जॉन कबात-झिन यांनी जुनाट दुखण्याने पिडलेल्या रुग्णांसाठी अवधानाचा पाठ सुरू केला. तोच आज ‘माइंडफुलनेस’ या नावाने आपल्याकडे परत येत आहे. २०१५ पासून २१ जून हा आंतरराष्ट्रीय योगदिन झाला. आपल्याच अंगणातली तुळस परगावाहून कुंडीत घालून यावी, तसे हे झाले आहे. त्यात रागावण्यासारखे काही नाही. परंतु कुंडीबरोबर किंमतीची चिठ्ठीही येते. पी हळद आणि हो गोरी, अशी घाई श्वासाच्या बाजारातही दिसू लागली आहे.

म्हणून दोन गोष्टी स्पष्ट बोलणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. पहिली ही की, जाते गेले याचे आम्हांला दुःख नाही. ते कष्टाचे होते, आणि गावात पिठाची गिरणी आली तेव्हा बायकांच्या खांद्यांना विश्रांती मिळाली. जनाबाईची थोरवी गाताना तिचे दासीपण गोड करून सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण जात्याबरोबर दिवसातला एक तास गेला. त्या तासात श्वास लांब होत होता आणि मनातले बाहेर पडत होते. त्या तासाच्या जागी आपण काय ठेवले, हा प्रश्न प्रत्येक घराने स्वतःस विचारावा.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. हा मराठवाडा आहे. १९७२ चा दुष्काळ येथील वृद्धांच्या आठवणीत आहे, आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी आणावे लागले तेही आपण विसरलो नाही. कर्जाने आणि नापिकीने गांजलेल्या शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची झळ आपल्या जिल्ह्यानेही सोसली आहे. अशा माणसाला ‘दीर्घ श्वास घे म्हणजे बरे वाटेल’ एवढेच सांगून वाटेला लागणे ही क्रूर थट्टा होईल. श्वासाने पाऊस पडत नाही, हमीभाव मिळत नाही, सावकाराची वही कोरी होत नाही. त्यासाठी पाटबंधारे हवेत, कायदे हवेत, संघटना हवी. तसेच मनाचा आजार हा आजार आहे. झोप उडाली, जगणे नकोसे वाटू लागले, तर डॉक्टरकडे जाण्यात कमीपणा नाही. केंद्र सरकारने २०२२ साली याच कामासाठी टेलिमानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर सुरू केली, ती शेजाऱ्यालाही ठाऊक असू द्यावी.

मग श्वासाचे काम काय? आमच्या मते ते मर्यादित आहे, म्हणूनच भरवशाचे आहे. घोर लागलेल्या माणसाला पुढचा दिवस दिसत नाही. श्वास त्याला हा एक क्षण परत देतो. त्या क्षणात तो शेजाऱ्याला हाक मारू शकतो, कागद पुन्हा वाचू शकतो, बायकोशी खरे बोलू शकतो. संकट तेवढेच राहते; त्याच्यासमोर माणूस मात्र थोडा उभा राहतो. नामदेवांच्या परिवारातील माणसांची जात, धंदा, गरिबी यांपैकी नामाने काहीच पालटले नव्हते. तरी शिंपी, कुंभार, माळी आणि दासी यांनी ताठ मानेने बोलावे एवढे बळ त्यातून आले, हा इतिहास आहे.

करावयाचे ते अगदी थोडे आहे. पाठ सरळ ठेवून बसावे. चार अंक मोजीत श्वास घ्यावा, सहा अंक मोजीत सोडावा. कोंडू नये, जोर करू नये. मन भटकले की त्याला न रागावता परत आणावे. पाच-सात मिनिटे पुरेत. हृदयविकार असणाऱ्यांनी किंवा गरोदर स्त्रियांनी कुंभकाच्या किंवा जोराच्या भस्त्रिकेच्या वाटेला जाणकाराच्या सल्ल्यावाचून जाऊ नये. यासाठी शुल्क नाही, पोशाख नाही, गुहा तर नाहीच. ज्याला बसणे जमत नाही त्याने भजनी मंडळात जाऊन टाळ धरावा. आणि ज्याला देव मानवत नाही त्याने शेताच्या बांधावरून चालताना आपली पावले आणि आपला श्वास मोजावा. ही विद्या काम करणाऱ्याला काम करता करता साधते, हे आपल्या जिल्ह्यातील एका दासीने सातशे वर्षांपूर्वी दाखवून दिले आहे. नेमगिरीच्या मूर्तींपुढे आपण आदराने हात जोडावे, आणि अभ्यासाला मात्र गंगाखेडच्या वाटेने लागावे, एवढीच आमची विनंती आहे.