खाणमालकांचा क्लब, भागधारकांचा क्लब

गोमंतकातील खाणमालक घराण्यांचा उल्लेख आपल्याकडे सहसा दोन संदर्भांत होतो : लोहखनिज आणि वृत्तपत्रे. चौगुले समूहाने १९६२ मध्ये 'गोमन्तक' सुरू केला, धेंपो समूहाने १९७० मध्ये 'नवप्रभा'. या घराण्यांचे तिसरे कार्य म्हणजे फुटबॉल. त्याकडे आम्हां मराठी लिहिणाऱ्यांचे लक्ष फारसे गेले नाही.

साळगावकर क्लब स्थापन झाला तो १९५६ साली, म्हणजे पोर्तुगीज अमदानीत. उद्योगसमूहाने संघ बाळगायचा, खेळाडूला नोकरी किंवा वेतन द्यायचे आणि वर्षअखेरीची तूट पेढीने सोसायची, अशी ही रीत होती. तिला फळेही आली. १९८८ मध्ये फेडरेशन चषक जिंकणारा साळगावकर हा पहिला गोमंतकीय क्लब ठरला. १९९८-९९ मध्ये त्याने राष्ट्रीय लीग जिंकली. २००४-०५ ते २०११-१२ या काळात आर्मांदो कुलासो यांच्या मार्गदर्शनाखाली धेंपोने पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवले.

परंतु या वैभवाला आधार होता तो मालकाच्या इच्छेचा. २०१६ मध्ये साळगावकर, धेंपो आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा हे तिन्ही संघ आय-लीगमधून बाहेर पडले. सप्टेंबर २०१२ मधील खाणबंदीशी याचा संबंध जोडण्याचा मोह होतो; पण धेंपो समूहाने आपला खाणधंदा २००९ मध्येच सेसा गोवाला विकला होता. राष्ट्रीय महासंघाच्या नव्या आराखड्यात आय-लीगला दुय्यम स्थान मिळणार, हा या क्लबांचा उघड आक्षेप होता. आक्षेप रास्त असेलही. मात्र निर्णय घेताना प्रेक्षकाला विचारण्याची सोय त्या रचनेत नव्हती.

दरम्यान २०१४ मध्ये इंडियन सुपर लीगबरोबर एफसी गोवा अवतरला. त्याची मालकी 'गोवन फुटबॉल क्लब प्रायव्हेट लिमिटेड' या खाजगी कंपनीकडे. आरंभीच्या प्रवर्तकांत व्हिडिओकॉनचे वेणुगोपाल धूत यांच्यासह दत्तराज साळगावकर आणि श्रीनिवास धेंपो होते. म्हणजे जुनीच घराणी नव्या कायदेशीर वेषात मैदानात उतरली. संघ गुणवान निघाला : २०१५ आणि २०१८-१९ मध्ये अंतिम फेरी, २०१९ मध्ये सुपर चषक, २०१९-२० मध्ये लीगचे अग्रस्थान आणि त्यायोगे २०२१ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत खेळणारा पहिला भारतीय क्लब होण्याचा मान.

तरीही मूळ प्रश्न सुटत नाही. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार खाजगी कंपनीला आपले भाग जनतेला देऊ करता येत नाहीत, भागांच्या हस्तांतरावर निर्बंध असतात आणि सभासदसंख्येला सर्वसाधारणपणे दोनशेची मर्यादा असते. फातोर्ड्याच्या पायऱ्यांवर बसणाऱ्या हजारोंना क्लब 'आपला' वाटतो. कायद्याच्या दृष्टीने ते तिकीट घेणारे ग्राहक असतात. आणि ते मैदान मात्र सरकारी, म्हणजे जनतेच्या पैशाचे! २०२५ मध्ये व्यापारी हक्कांचा करार संपत आला तेव्हा सप्टेंबरात लीग नेहमीप्रमाणे सुरू झाली नाही. देशातील काही क्लबांनी खेळाडूंचे वेतनही थांबवले. कंपनीचा क्लब कंपन्यांच्याच करारांवर किती अवलंबून असतो, हे त्यावेळी दिसून आले.

कंपनीला दोष देऊन आम्हांला जुन्या शेठजींचे गोडवे गायचे नाहीत. शिस्त, लेखापरीक्षण आणि खेळाडूशी लेखी करार या गोष्टी मोलाच्याच आहेत. परंतु सभासदांच्या वर्गणीवर आणि मतावर चालणारे गावोगावचे क्लब हीदेखील आपली एक परंपरा आहे. कंपनीच्या कारभारात समर्थकांच्या एखाद्या प्रतिनिधीला स्थान देण्यास कायद्याची आडकाठी नाही. प्रश्न इच्छेचा आहे. आणि आमच्यासारख्यांनी करण्याजोगे एक काम तर आजही हाती आहे : या क्लबांची जुनी छायाचित्रे, इतिवृत्ते आणि हिशेबाच्या वह्या वाळवीच्या तोंडी जाण्यापूर्वी त्या मिळवून ग्रंथालयांत ठेवणे.