वेगाची किंमत : गाडीच्या पुढच्या नंबराची गोष्ट



आजच्या विषयासाठी पनवेलकरांना फार लांब जावं लागणार नाही. कळंबोली सर्कलला पाच मिनिटं उभं राहिलं की झालं. जेएनपीटीचे कंटेनर, लोखंड बाजारातले ट्रेलर, एक्स्प्रेस-वेला लागणाऱ्या पुण्याच्या गाड्या, पळस्पे फाट्यावरून गोव्याकडे निघालेले लोक, सगळे इथे भेटतात. या गाड्यांच्या मागे नको, पुढून बघा. कुठे नंबरावर दसऱ्याची झेंडूची माळ सुकलेली आहे, कुठे लिंबू-मिरची लोंबते आहे. कुठे पाटी दुमडून बंपरखाली गेली आहे. एखाद्याने चार-एक-चार-एक हे आकडे असे वळवलेत की वाचणाऱ्याला 'दादा' दिसावं. आणि दुचाकीला तर कित्येकदा पुढे काहीच नाही. विचारलं की उत्तर ठरलेलं, "अहो, मागे आहे की!"

मागे आहे, मग पुढे कशाला? प्रश्न वाटतो तितका उर्मट नाही. त्याचं उत्तर शोधायला आपण थोडं मागे जाऊ.

मोटारींना पाटी लावण्याची सक्ती प्रथम पॅरिसच्या पोलिसांनी केली, १८९३ साली. त्या धातूच्या पाटीवर मालकाचं नाव, पत्ता आणि नंबर असायचा. गंमत म्हणजे ती पुढेही नव्हती आणि मागेही नव्हती, गाडीच्या डाव्या बाजूला होती. ती कधीही झाकली जाऊ नये, हेही तेव्हाच लिहून ठेवलं होतं. म्हणजे झाकणारे तेव्हापासून आहेत असं समजायला हरकत नाही.

आपल्या दृष्टीने जास्त महत्त्वाचा आहे तो इंग्लंडचा १९०३ चा कायदा. मोटारवाल्यांना वेग वाढवून हवा होता. तोपर्यंत मर्यादा ताशी १४ मैल होती. पार्लमेंटने ती २० मैल केली, म्हणजे आजच्या हिशेबाने ताशी सुमारे ३२ किलोमीटर. पण त्याच कायद्याने १ जानेवारी १९०४ पासून प्रत्येक गाडीला नोंदणी आणि नंबर सक्तीचा झाला. हा आम्हाला एक सौदाच वाटतो : वेग हवा ना, मग ओळख द्या. बैलगाडी धडकली तर गाडीवान तिथेच सापडायचा, पळून पळून जाणार कुठे? मोटारवाला मात्र धूळ उडवत निघून जाऊ शकत होता. धुळीत उरलेल्या माणसाच्या हातात काहीतरी राहावं, म्हणून नंबर आला.

आपल्याकडे देशभर लागू झालेला पहिला मोटार कायदा १९१४ चा. नंतर १९३९ चा, आणि आजचा १९८८ चा. त्याखालच्या १९८९ च्या केंद्रीय नियमांत नंबर पुढे आणि मागे, दोन्हीकडे लावण्याचं बंधन आहे.

आता या गोष्टीतला पैशाचा भाग ऐका, कारण खरी कळ तिथे आहे. १ जुलै १९४६ पासून आपल्याकडे त्रयस्थ पक्षाचा विमा सक्तीचा झाला. गाडीने कुणाला उडवलं तर भरपाईचा दावा त्या विम्यावर करता येतो. जखमीचं किंवा मृताचं वय, कमाई, मागे किती माणसं, हे बघून न्यायाधिकरण रक्कम ठरवतं. पण दावा करायचा तर गाडी कुठली ते कळायला हवं. धडक देऊन पळालेली गाडी सापडलीच नाही, तर? अशांसाठी १९८२ मध्ये सरकारी मदतीची तरतूद झाली : मृत्यूला ५ हजार, गंभीर दुखापतीला १ हजार रुपये. १९९४ मध्ये त्याचे २५ हजार आणि साडेबारा हजार झाले. तो आकडा पुढे अठ्ठावीस वर्षं हलला नाही. १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार आहेत. कमावता माणूस गेलेल्या घराला २ लाख किती दिवस पुरणार, याचा हिशेब तुम्हीच करा. नंबर कळला तर एक रक्कम, नाही कळला तर दुसरी. या दोन रकमांमध्ये जे अंतर आहे, ती त्या पाटीची खरी किंमत.

यावर पुढच्या पाटीला विरोध करणारे म्हणतील, पळणाऱ्या गाडीची दिसते ती पाठ, त्यामुळे मागचा नंबर पुरे. अमेरिकेत पन्नासपैकी वीसेक राज्यांत पुढची पाटी लागत नाही. दुसऱ्या महायुद्धात धातू वाचवायला तिथल्या काही राज्यांनी एकाच पाटीवर भागवलं होतं. ब्रिटनमध्ये मोटारसायकलच्या पुढच्या मडगार्डवर पात्यासारखी उभी पाटी असायची. ती धडकेत पादचाऱ्याला कापायची, म्हणून १९७५ मध्ये ती सक्ती गेली. शिवाय रात्री हेडलाइटच्या झोतात पुढचा नंबर दिसत नाही, हेही खरंच.

हे आक्षेप आम्ही उडवून लावत नाही. पण आपल्या रस्त्यावर उभं राहून त्यांच्याकडे बघू. ज्याच्या अंगावर गाडी येते, त्याला आधी तिचं तोंड दिसतं. समोरून येणारा साक्षीदारही तेच बघतो. मागच्या फोटोवरून गाडी कुणाची ते कळतं, पण चालवत कोण होतं ते कळत नाही. मग मालक म्हणतो, "मी नव्हतोच." पुढून काढलेल्या फोटोत नंबर आणि चालक दोन्ही येतात. एक्स्प्रेस-वेवर २०२४ पासून जी कॅमेऱ्यांची व्यवस्था सुरू झाली, तिला सीटबेल्ट आणि कानाला लावलेला मोबाइल दिसतो तो पुढूनच. आणि दुचाकीची आपली नवी पुढची पाटी २८५ बाय ४५ मिलिमीटरची, आडवी बसणारी पट्टी आहे. ब्रिटनचं ते उभं पातं नव्हे.

आता त्या नव्या पाटीबद्दल, कारण प्रश्न त्यावरच येणार. उच्च सुरक्षा पाटीचा नियम २००१ चा. सर्वोच्च न्यायालयाने तो २००४ मध्ये उचलून धरला. नव्या गाड्यांना १ एप्रिल २०१९ पासून ती येऊ लागली. महाराष्ट्रातल्या त्याआधीच्या गाड्यांना ३१ मार्च २०२५ ची मुदत होती, ती पुन्हा पुन्हा वाढली. दुचाकीला ४५० आणि मोटारीला ७४५ रुपये, वर जीएसटी. लोक कुरकुरले, आणि ते समजण्यासारखं आहे. रोजंदारीवर जाणाऱ्याला ४५० रुपये आणि एक खाडा, दोन्ही जड जातात. ती कुरकुर सोय आणि किंमत याबद्दल असेल तर रास्त आहे. ओळख द्यावीच का, याबद्दल असेल तर आम्हाला ती पटत नाही.

एक आक्षेप मात्र अगदी बरोबर होता : सगळ्यांना सक्ती आणि मोठ्यांना सूट का? राष्ट्रपती आणि राज्यपालांच्या गाड्यांवर नंबराऐवजी सिंहमुद्रा असायची. त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात याचिका गेली. अशा गाडीने अपघात केला तर जखमीने दावा कुणावर करायचा, हा त्यातला एक मुद्दा होता. २०१८ मध्ये न्यायालयाने त्या गाड्यांनाही नंबर लावायला सांगितलं. म्हणजे १९०३ चा तो सौदा राष्ट्रपतिभवनात पोचायला शंभरावर वर्षं लागली.

तेव्हा आमचं म्हणणं एवढंच. एक्स्प्रेस-वेवर सपाटीला मोटारींना ताशी १०० किलोमीटरची मुभा आहे. १९०३ मध्ये २० मैलांच्या बदल्यात नंबर द्यावा लागला. आज तिपटीहून जास्त वेग मिळतोय, आणि पुढची पाटी देताना आपण कुरकुरतो. एमएच ४६ हे पाटीवर लिहिलेलं असतं ते आरटीओसाठी नव्हे, सर्कलला रस्ता ओलांडणाऱ्या माणसासाठी. दसऱ्याला माळ जरूर घाला. फक्त जरा वर बांधा.

आता प्रश्न घेऊ.