सोवळ्याचे मूळ

१९८२ साली गडचिरोली जिल्हा वेगळा निघण्यापूर्वीचा जो विस्तीर्ण चांदा जिल्हा, त्यातील आरमोरी, सिंदेवाही, नागभीड या मुलखातील ढिवरांनी मासेमारीच्या जोडीला पिढ्यान्‌पिढ्या जो धंदा सांभाळला, तो कोशाचा, म्हणजे टसर रेशमाचा होय. तुतीचा किडा घरात पोसला जातो. हा मात्र रानातच, ऐनाच्या उघड्या झाडावर वाढतो. अंड्यातून निघालेली अळी चार वेळा कात टाकून बोटाहून जाड, हिरवीगार होते आणि अखेरीस फांदीला चिवट देठाची कडी घालून त्या देठाला टांगलेल्या कोशात स्वतःस कोंडून घेते.

तोवरचा महिना-दीड महिना ढिवराचा मुक्काम झाडाखालीच. कावळ्यांना गुलेरीने हाकता येते, मुंग्यांनाही काही उपाय चालतो. परंतु उझी माशीपुढे त्याचे शहाणपण थिटे पडे. ती अळीच्या अंगावर अंडे चिकटवून निघून जाते. तिची पिले अळीला आतून पोखरतात आणि कोशाला भोक पाडून बाहेर पडतात, तेव्हा जीव तर गेलेला असतोच, पण सलग धागाही हातचा जातो.

या राखणीच्या काळात स्त्रीसंग वर्ज्य, मांसाहार वर्ज्य, विटाळाची सावलीही नको, असा कडक नेम असे. तो मोडला की अळ्यांवर रोग पडतो, ही श्रद्धा. तिला हसणे सोपे आहे. पण १८६५ पासून फ्रान्समध्ये रेशीमकिड्यांच्या साथींचा छडा लावणाऱ्या पाश्चरनेही अखेर निरोगी बियाणे आणि स्वच्छता यांवरच भर दिला, हे हसणाऱ्याने ध्यानात घ्यावे.

१८५४ साली नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा झाले, पुढे १८७८ च्या कायद्याने राखीव जंगलांचा बंदोबस्त कडक झाला, आणि ढिवराचा ऐन सरकारी दप्तरात इमारती लाकूड ठरला. कोवळ्या पाल्यासाठी फांद्या छाटणे ही वहिवाट. जंगलखात्याच्या दृष्टीने मात्र ती झाडाची नासाडीच.

कोसे राखेच्या पाण्यात उकळून मऊ करीत, बाया मांडीवर सूत वळीत आणि कोष्टी ते मागावर चढवीत. आत मेलेल्या जिवाची त्या कापडाला कुठे आठवण नसे. ते नेसून नागपूरकडचा यजमान देवघरात बसे आणि ढिवराला उंबऱ्याशी उभे करी. ज्याला तो सोवळे म्हणे, त्याच्यासाठी रानात कुणीतरी महिनाभर त्याच्याहून कडक सोवळे पाळले होते, हे त्याच्या कधी मनातही आले नसावे.