मंगळवार, १ जानेवारी १९८०

आयबीएमने ऑगस्ट १९८१ मध्ये आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला, तेव्हा त्या यंत्राला आजची तारीख ठाऊक नसे. बटण दाबलं की यंत्र चालवणारा प्रोग्राम डॉस सांगायचा, आज मंगळवार, १ जानेवारी १९८०; मग खरी तारीख विचारायचा, मग वेळ. घाईतला माणूस दोन्ही वेळा नुसतं एंटर दाबून मोकळा व्हायचा आणि त्या दिवशीच्या सगळ्या पत्रांवर, हिशेबांवर १९८०ची तारीख चढायची.

यंत्र चालू असेपर्यंत वेळ मोजायची सोय होती, पण तीही उसनी. आतला मुख्य स्फटिक सेकंदाला १,४३,१८,१८० वेळा कंप पावे. हा आकडा अमेरिकी रंगीत टीव्हीच्या रंगलहरीच्या चौपट, कारण पडदा म्हणून घरचा टीव्ही जोडता यावा अशी योजना होती. त्याला आधी १२ने भागायचं, मग ६५,५३६ने. हाती येतात सेकंदाला सुमारे १८.२ ठोके. टीव्हीच्या सोयीने ठरलेल्या या अडनिड्या आकड्यावर डॉस वेळ मोजायचा आणि वीज गेली की सगळं पुसलं जायचं. बॅटरीवरचं घड्याळ हवं असेल त्याने वेगळं कार्ड विकत घेऊन बसवायचं.

१९८४च्या पीसी-एटीत आयबीएमने मोटोरोलाची एमसी१४६८१८ ही चिप बसवली. पीसीच्या हार्डवेअर घड्याळाचा मूळपुरुष हीच. तिची स्मृती अवघी ६४ बाइट: १४ घड्याळाच्या कारभाराला, ५० मोकळे. मोकळ्या जागेत यंत्राच्या सेटिंग्ज राहायला आल्या, म्हणून तर बॅटरी संपली की वेळेबरोबर सेटिंग्जही जायच्या. वर्षाला दोनच अंक होते. शतकासाठी आयबीएमने त्या ५० मधलाच एक बाइट काढून दिला. २००० सालाच्या तोंडावर जगाला जो घाम फुटला त्याची एक मुळी इथे सापडते, पण सगळं खापर या चिपेवर फोडणं अन्यायाचं होईल.

तिच्या जोडीला आला तो ३२,७६८ कंपनांचा स्फटिक. हा आकडा पंधरा वेळा निम्मा केला की नेमका १ उरतो, म्हणजे सेकंदाला एक ठोका. त्याचं घराणं मनगटी घड्याळाचं. क्वार्ट्झचं पहिलं घड्याळ वॉरन मॅरिसन आणि जे. डब्ल्यू. हॉर्टन यांनी १९२७ मध्ये बेल लॅब्जमध्ये केलं. २५ डिसेंबर १९६९ रोजी सेइकोने ॲस्ट्रॉन विक्रीला आणून ते मनगटावर चढवलं. ॲस्ट्रॉनचा स्फटिक ८,१९२ कंपनांचा होता. ३२,७६८चा पायंडा त्यानंतर पडला. चिमट्यासारख्या दोन पायांचा हा इवलासा स्फटिक २५ अंश सेल्सियसच्या आसपास सर्वांत खूश असतो. त्याहून गरम झालं तरी मंदावतो, गार झालं तरी मंदावतो. मनगटावर हे ठीकच. कॉम्प्युटरच्या डब्यात पारा ४५ला गेला की केवळ उष्णतेने दिवसाला सुमारे १.२ सेकंद मागे पडतो. शिवाय कारखान्यातून येतानाच दहा लाखांत २० इतकी चूक चालवून घेतलेली असते. ती दिवसाला १.७ सेकंदांपर्यंत जाते. हजारो रुपयांच्या यंत्रात स्वस्त मनगटी घड्याळाचा जीव घातला आहे, आणि तो काही चुकून घातलेला नाही.

मग हे घड्याळ बरोबर ठेवायचं कसं? या प्रश्नाचं उत्तर कॉम्प्युटरहून फार जुनं, दर्यावर्दी आहे. जहाजावरच्या क्रोनोमीटरचे काटे कोणी रोज हलवत नसे. तो दिवसाला किती सेकंद पुढे किंवा मागे जातो ते वहीत लिहून ठेवत आणि हिशेबात तेवढं वजा-अधिक करत. अशी वही ठेवायची तर मुळात ताडून पाहायला खरी वेळ हवी. १८२६ मध्ये कुलाब्याची वेधशाळा उभी राहिली, ती मुंबई बंदरातल्या जहाजांची ही गरज भागवण्यासाठीही.

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमवर नेमकी तीच वही आहे. ब्रायन हेंडरसन यांनी सप्टेंबर १९९६ मध्ये, आधीच्या क्लॉक या प्रोग्रामच्या आधारे, एचडब्ल्यूक्लॉक लिहिला. त्याची ॲडजटाइम नावाची फाइल अवघ्या तीन ओळींची. पहिलीच्या सुरुवातीला हे घड्याळ दिवसाला किती सेकंद चुकतं तो आकडा, दुसरीत शेवटची ताडणी केव्हा केली ते, तिसरीत चिपेतली वेळ जागतिक की स्थानिक ते. दोन ताडण्यांत निदान चार तासांचं अंतर नसेल तर हा प्रोग्राम चुकण्याचा दर काढतच नाही, आणि ते योग्यच. वेळ लिहितानाही तो सेकंदाच्या मध्यापर्यंत थांबतो, कारण मोटोरोलाच्या त्या चिपेत वेळ घातली की पुढचा ठोका अर्ध्या सेकंदाने पडतो.

तिसरी ओळ भारतीयांना फार छळते. डॉसला टाइमझोन कळत नव्हते, त्याने चिपेत स्थानिक वेळ ठेवली आणि विंडोजने ती रीत पुढे चालवली. लिनक्स सहसा जागतिक वेळ धरतो. एकाच लॅपटॉपवर दोघांना नांदवलं की घड्याळ साडेपाच तासांनी उड्या मारतं.

डेव्हिड मिल्स यांचा एनटीपी, म्हणजे नेटवर्कवरून वेळ जुळवण्याचा प्रोटोकॉल, १९८५ मध्ये आला. एनटीपीशी जुळलेला लिनक्स दर ११ मिनिटांनी चिपेतली वेळ गुपचूप दुरुस्त करू शकतो. तसं होत असेल तिथे ती वही निकामी ठरते, कारण परस्पर दुरुस्त होणाऱ्या घड्याळाची खोड मोजणार कशी? वही खरी उपयोगी पडते ती नेटवर्कपासून दूर, बंद पडून राहणाऱ्या यंत्रांना.

२०१२ मध्ये रास्पबेरी पाय हा छोटेखानी कॉम्प्युटर आला तो पुन्हा बिनघड्याळाचाच. बंद होताना तो वेळ एका फाइलीत लिहून ठेवी आणि उठल्यावर तिथूनच मोजायला लागे, नेट सापडेपर्यंत. २०२३च्या पाय ५मध्ये घड्याळ आलं. बॅटरी मात्र वेगळी विकत घ्यावी लागते.