पडद्यातले भोक

छाती आणि पोट यांच्यामधला पडदा म्हणजे श्वासपटल. गर्भात तो साधारण आठव्या आठवड्यात पुरा जुळतो. मागे, बहुधा डावीकडे, भोक राहिले तर आतडी छातीत चढतात, फुप्फुस नीट वाढत नाही आणि बाळ जन्मताच धापा टाकू लागते. म्हणून हे नवजात बाळांचेच दुखणे, असा आपला समज होतो.

गंमत अशी, की या जन्मजात हर्नियाची पहिली म्हणून दाखवली जाणारी नोंद २४ वर्षांच्या तरुणाची आहे! फ्रेंच वैद्य लाझार रिव्हिएर यांना तो शवविच्छेदनात अवचित आढळला. नोंद छापून आली १६७९ साली. लंडनच्या जॉर्ज मॅकॉले यांनी केलेले नवजात बाळाचे वर्णन त्यानंतरचे, १७५४ चे. प्रागचे शरीररचनातज्ज्ञ बोख्दालेक यांनी १८४८ मध्ये मागच्या बाजूच्या हर्नियाचे वर्णन केले. पातळ पडदा फाटून भोक पडते, हा त्यांचा तर्क चुकला. नाव मात्र आजही त्यांचेच चालते.

असे लोक मोठे होतात तरी कसे? भोक लहान असते, किंवा यकृत वा प्लीहा तिथे बुचासारखी बसलेली असते. पुढे गरोदरपणात, खोकल्याने किंवा ओझे उचलताना पोटातला दाब वाढतो, आतडे वर सरकते, त्याला पीळही पडू शकतो. आम्हांला अधिक धास्ती वाटते ती निदानाची. वर चढलेल्या जठरातली हवा एक्स-रेमध्ये फुप्फुसाबाहेर साठलेल्या हवेसारखी दिसू शकते. ती काढायला छातीत नळी घातली, तर नळी थेट जठरातच घुसायची! शंका आली तर सीटी स्कॅन ती फेडतो. आणि साधा स्टेथोस्कोपही कधीकधी छातीत आतड्यांची गुरगुर ऐकवतो.