विद्यार्थी वसतिगृहे आणि भाड्याचे उत्पन्न

जैन समाजाच्या अर्वाचीन इतिहासात 'बोर्डिंग' या इंग्रजी शब्दाला जो जिव्हाळा लाभला, तो क्वचितच दुसऱ्या परक्या शब्दाला लाभला असेल. वढू बुद्रुक, शिरूर, दौंड यांसारख्या गावांतील व्यापारी कुटुंबांना मुलांच्या उच्च शिक्षणासाठी शहराकडे पाहावे लागे आणि तेथे शुद्ध आहार व निवारा हा पहिला प्रश्न असे. 1899 मध्ये स्थापन झालेल्या दक्षिण महाराष्ट्र जैन सभेने वसतिगृहांचे कार्य अंगीकारले. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहिलेले भाऊराव पाटील पुढे कर्मवीर झाले व त्यांनी 1924 मध्ये साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढले.

वास्तू उभारणे तुलनेने सोपे. ती चालविणे कठीण. दानवीर माणिकचंद झवेरी यांनी ही अडचण ओळखली होती. मुंबईत वडिलांच्या नावे बोर्डिंग काढणाऱ्या या जव्हेऱ्याने ताडदेवची जुबिली बाग धर्मादाय करून तिच्या भाड्यातून समाजकार्याची सोय लावली. विद्यार्थ्यांची वास्तू वेगळी आणि उत्पन्नाची मिळकत वेगळी, असा हा विचार व्यापारी बुद्धीला साजेसाच होता.

परंतु 1947 च्या मुंबई भाडे कायद्याने असंख्य इमारतींचे भाडे 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीशी बांधले. अशा मिळकतींत दुरुस्तीचा खर्च वाढत गेला, भाडे मात्र तेथेच राहिले. 1999 च्या कायद्याने वर्षाला 4 टक्के वाढीची मुभा दिली. तोवर अर्धे शतक उलटले होते.

1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचे कलम 36 प्रत्येक विश्वस्ताने वाचलेले असावे. विश्वस्त संस्थेची स्थावर मिळकत विकण्यास, तसेच इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याने देण्यास धर्मादाय आयुक्तांची पूर्वसंमती आवश्यक आहे. या अटीचा कंटाळा करणारे विश्वस्तही असतात!

पुण्याच्या मॉडेल कॉलनीतील प्रकरणात मात्र संमतीवरच प्रश्न उपस्थित झाला. वालचंद हिराचंद यांचे पिता शेठ हिराचंद नेमचंद यांच्या स्मरणार्थ 1958 मध्ये स्थापन झालेल्या ट्रस्टची तेथील वसतिगृहाची सुमारे 3 एकर जागा 2025 मध्ये शेकडो कोटींना विकण्यात आली. त्या आवारात जिनमंदिरही आहे. समाज रस्त्यावर उतरला, विकासक मागे हटला आणि ऑक्टोबर 2025 च्या अखेरीस धर्मादाय आयुक्तांनी व्यवहार रद्द ठरविला.