एडिसनचा अंधार, हरमनचा पडदा

एडिसनला जवळजवळ ऐकू येत नसे. फोनोग्राफच्या लाकडात दात रोवून तो सूर हाडांतून घ्यायचा आणि त्याच जोरावर कोणाचं गाणं मुद्रित करायचं ते ठरवायचा. आवाजात कंप जाणवला की गायक नापास. माणूस थोर, पण माझ्या आवडत्या गायिकांना मी त्याच्यापुढे परीक्षेला बसवलं नसतं.

1915 पासून त्याच्या कंपनीनं अमेरिकेत गावोगावी ‘टोन टेस्ट’ नावाचे जलसे केले. मंचावर ‘डायमंड डिस्क’ यंत्र, शेजारी गायिका. तबकडीबरोबर गाता गाता ती मध्येच ओठ मिटायची, गाणं मात्र चालूच. मग दिवे मालवायचे. पुन्हा उजेड झाला की मंचावर यंत्र एकटंच! 1916 मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये मारी रॅपोल्डनं हा खेळ केला.

माझ्या संग्रहात ‘डायमंड डिस्क’ची एक तबकडी आहे, पाव इंच जाड. सुई वरखाली हलणारी, त्यामुळे साध्या ग्रामोफोनवर ती धड वाजत नाही. मुद्रण विजेशिवायचं, थेट कर्ण्यात गाऊन केलेलं. खरखर भरपूर. मग श्रोते फसले कसे? एक तर काय ऐकायला जायचं ते जाहिरातींनी आधीच पढवून ठेवलं होतं. शिवाय अ‍ॅना केस या गायिकेनं म्हातारपणी सांगून टाकलं, की ती स्वतःचा आवाज यंत्राच्या आवाजाला जुळवून घ्यायची. अस्सलानंच नकलेची नक्कल केली, तर बिचारा श्रोता काय ओळखणार?

1994 मध्ये हरमन या स्पीकर बनवणाऱ्या कंपनीतल्या फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या संशोधकांनी झाकण्याचा उपयोग नेमका उलटा केला: फसवायला नव्हे, खरं ओळखायला. कंपनीचेच 40 कर्मचारी, 4 स्पीकर. एकदा डोळ्यांदेखत, एकदा पडद्याआड. डोळ्यांदेखत मोठ्या, महागड्या खोक्यांना भरघोस गुण, छोट्या स्वस्ताला कमी. पडद्याआड ही दरी बरीच बुजली. मला त्याहून मोलाची वाटते ती दुसरी गोष्ट: स्पीकरची खोलीतली जागा बदलली की आवाज बदलतो, पण खोकं दिसत असताना लोकांना तो फरक फारसा जाणवतच नव्हता.

स्पीकरांचे पट्टीचे शौकीन म्हणतात, अशा पडद्याआडच्या परीक्षेच्या दडपणाखाली कान बिथरतात. असेलही. पण आवाजाची आठवण फार अल्पजीवी असते, हे त्यांनाही मान्य करावं लागतं. म्हणूनच तुलना झटपट व्हावी लागते. हरमननं पुढे त्यासाठी कॅलिफोर्नियातल्या नॉर्थरिजला खास खोली बांधली: पडद्यामागे यंत्र जुना स्पीकर हटवून 3 सेकंदांत दुसरा त्याच जागी आणून ठेवतं.